पीकरक्षणाची बंदूक व तिच्या दस्त्याची रबरी गादी

शेताच्या राखणीसाठी परवाना घेऊन बंदूक बाळगणारा शेतकरी तिच्या नळीची, काडतुसांची आणि परवान्याच्या नूतनीकरणाची काळजी वाहतो. परंतु प्रत्येक बाराबरोबर जो भाग त्याच्या स्वतःच्या अंगावर आदळतो, त्या दस्त्याच्या टोकाकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. खांदा काळानिळा झाला तर तो तेल चोळतो आणि बंदूक म्हटली की ती लाथ मारणारच, असे म्हणून गप्प बसतो. आमच्या मते हा विषय केवळ खांद्याच्या दुखण्याचा नाही. धक्क्याची धास्ती बसलेला मनुष्य चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि नळीचे तोंड नकळत खाली किंवा बाजूस जाते. मग रानडुकरास वर्मी न लागता मागच्या अंगास लागते. असे जखमी जनावर रात्री झुडपात शिरते आणि सकाळी गवत कापण्यास गेलेल्या माणसावर उलटते. किंवा चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या माळ्याकडे जाते. सबब दस्त्याची गादी कशी निवडावी व कशी बसवावी, हे प्रत्येक परवानाधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

आम्ही राहतो ते मालाड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. एके काळी जेथे भाताची खाचरे होती तेथे आता इमारती आहेत, आणि पूर्वेस सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागते. येथे कोणास बार काढण्याचे कारण नाही आणि मुभाही नाही. तथापि मालाडात बिऱ्हाड असून पालघर, रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाकडे वडिलार्जित जमीन कसणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या घरी वडिलांच्या वेळेपासूनची बंदूक असते. हा लेख मुख्यतः अशांकरिता आणि त्यांच्या गावाकडील बांधवांकरिता आहे.

प्रथम कायद्याच्या मर्यादा

महसूल खात्याच्या दप्तरात आमची नोकरी गेली असल्याने कागदाची बाजू आम्ही आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास वाटल्यास वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची, आत आटे नसलेली साधी बंदूक यांचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांजवळ ठासणीची किंवा बारा बोअरची एकनळी बंदूक असते. रायफल क्वचित आढळते. जिल्ह्यात हे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, तर मुंबईत पोलीस आयुक्तांकडे असते.

परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी केली आहे. रानडुकरासारखे जनावर उभ्या पिकाची नासाडी करीत असेल, तरी त्या अधिनियमाच्या कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम झाल्यावाचून त्यावर बार काढता येत नाही. कुंपण, राखण आणि नुकसानीचा पंचनामा हे उपाय आधीचे, बंदूक शेवटची.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. शस्त्राची दुरुस्ती वा फेरफार धंदा म्हणून करणाऱ्यास त्याच अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, आणि कलम ६ प्रमाणे परवान्यावाचून नळी आखूड करणे हा अपराध आहे. दस्त्याचे लाकूड कापणे व नळी कापणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. गादी बसवून घ्यावयाची ती परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच. खाली दिलेली कृती घरी करवत चालविण्यासाठी नसून, कारागिरास काय सांगावे आणि त्याने केलेले काम कसे पारखावे, हे कळावे म्हणून आहे.

धक्का कोठून येतो

नळीतून छर्रे ज्या जोराने पुढे जातात, त्याच जोराने बंदूक मागे येते; न्यूटनने सांगितलेला हा नियम शाळेतल्या मुलासही ठाऊक असतो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. बारा बोअरच्या एका काडतुसात छर्रे व डाट मिळून ३५ ग्रॅम वजन आहे आणि ते सेकंदास ३८० मीटर वेगाने बाहेर पडते, असे धरू. दोहोंचा गुणाकार १३,३०० होतो. जळलेल्या दारूचा वायूही वेगाने बाहेर पडतो. त्याबद्दल सुमारे २,२०० मिळविले म्हणजे बेरीज १५,५०० झाली. बंदुकीचे वजन ३,००० ग्रॅम असेल तर तिने भागून उत्तर येते ते असे की, बंदूक सेकंदास पाच मीटरांहून थोड्या अधिक वेगाने मागे सरते. त्यातील ऊर्जा सुमारे ४० ज्यूल भरते; म्हणजे चार किलोचे वजन एक मीटर उंचीवरून खाली यावे तितकी.

या हिशेबावरून दोन गोष्टी उघड होतात. एक अशी की, काडतूस तेच ठेवून बंदूक अर्धा किलो जड केली, तर मागे येणारी ऊर्जा सुमारे एक सप्तमांशाने घटते. म्हणून हलकी बंदूक उचलण्यास सोपी पण सोसण्यास कठीण. दुसरी अशी की, या हिशेबात गादीचे नाव कोठेच नाही. गादीने धक्का नाहीसा होत नाही. ती तो अधिक वेळात व अधिक जागेवर वाटून देते. खांद्याचे मांस दबून बंदूक दोन सेंटिमीटरांत थांबत असेल, आणि गादी दबल्यामुळे ती तीन सेंटिमीटरांत थांबू लागली, तर खांद्यावरचा सरासरी दाब एक तृतीयांशाने कमी होतो. शिवाय अरुंद लोखंडी पट्टीची कडा हाडावर टेकण्याऐवजी रुंद रबर मांसावर पसरते. गादीचा गुण एवढाच. पण नेमबाजाच्या मनातली धास्ती जाण्यास तो बहुधा पुरतो.

गादी हा ज्या दुखण्यावर उपाय नाही

नेहमीची बंदूक एकाएकी फार जोराने मारू लागली, तर गादी शोधू नये, कारण शोधावे. नळीत चिखल, डाट किंवा गांधीलमाशीचे घर अडकले आहे काय, हे बंदूक रिकामी असल्याची खात्री करून पाहावे. जुन्या विलायती बंदुकींपैकी पुष्कळांचे घर अडीच इंची काडतुसाचे असते. त्यात पावणेतीन इंची काडतूस शिरते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुरते उलगडण्यास जागा न मिळाल्याने आतला दाब वाढतो. धक्का तर वाढतोच, नळीसही धोका असतो. काडतुसाची लांबी व नळीवरील खूण ताडून घेतल्यावाचून बार काढू नये.

ठासणीच्या बंदुकीत तर दोष बहुधा हाताचा असतो. दारू अंदाजाने मुठीतून ओतली म्हणजे एक बार हलका व दुसरा खांदा उखडणारा होतो. दारूचे माप ठरवून त्याच मापाने भरावी. जास्त दारू घालून वर जाड गादी लावणे म्हणजे नळी फुटण्याची सूचना देणारी घंटा कापसात गुंडाळून ठेवण्यासारखे आहे. तसेच दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हाताच्या मुठीत येणाऱ्या निमुळत्या भागास, बारीक चीर असेल तर ती आधी दुरुस्त करावी.

लांबी हीच खरी किल्ली

गादी विकत घेण्याअगोदर दस्त्याची लांबी मोजावी. चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत जे अंतर येते, तिला लांबी म्हणावयाचे. कारखान्यातून येणाऱ्या पुष्कळ बंदुकींची ही लांबी चौदा ते साडेचौदा इंच असते. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या माणसास तेरा ते चौदा इंचांच्या दरम्यानची लांबी बरी पडते, असे आमच्या पाहण्यात आहे. लांब दस्ता काखेत अडकतो, खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकतो, आणि मग मऊ गादीसुद्धा दंडास काळे करते. फार आखूड दस्ता असेल तर उजव्या हाताचा अंगठा नाकावर आपटतो.

आपली लांबी पाहण्याची रीत अशी. बंदूक रिकामी करून, आणि ती रिकामी असल्याचे दुसऱ्यास दाखवून, नेहमीप्रमाणे खांद्यास लावावी व गाल दस्त्यास टेकवावा. अंगठ्याचे मागचे हाड आणि नाक यांत दोन बोटांचे अंतर राहिले, चापावर बोटाचे पहिले पेर सहज बसले आणि मान ताणावी लागली नाही, तर लांबी योग्य. ही परीक्षा अंगावर जे कपडे घालून राखणीस जावयाचे तेच घालून करावी. भात पोटरीस आल्यावर कोकणात राखण बहुधा रेनकोट किंवा कांबळे पांघरून होते. त्यांच्या जाडीने दस्ता तेवढाच लांब झाल्यासारखा होतो. बनियन घालून घेतलेले माप पावसात चुकते ते यामुळे.

बंदूक ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याच मापाची असावी. वडिलांच्या पश्चात परवाना आपोआप मुलाकडे येत नाही. शस्त्र जमा करून मुलाने स्वतःचा परवाना मिळवावा लागतो. तो मिळाल्यावर बहुतेक मुलगे वडिलांच्याच दस्त्याने बार काढतात, मग तो त्यांस तोकडा असो की लांब. नवीन परवान्याबरोबर दस्त्याचे मापही नवीन घ्यावे.

गादीचे प्रकार व निवड

बंदुकीस रबर लावण्याची कल्पना नवी नव्हे. लंडनच्या सिल्व्हर कंपनीची रबरी गादी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे; त्या शहरातील सिल्व्हरटाउन या भागास याच घराण्याच्या रबर-कारखान्यावरून नाव पडले. आज बाजारात ज्यास रिकॉइल पॅड म्हणतात, त्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार मिळतात.

पहिला, मोज्यासारखी दस्त्यावर चढविण्याची गादी. हीत लाकूड कापावे लागत नाही, खर्च थोडा आणि काढता येते. पण तिने लांबी पाऊण ते एक इंच वाढते. म्हणून मुळात दस्ता आखूड असेल तरच ती कायम ठेवावी. लांबी वाढवून पाहण्याच्या परीक्षेसाठी मात्र ती उत्तम. हीच वस्तू चामड्याचीही मिळते. परंतु पावसाळ्यात चामडे भिजून बुरशी धरते.

दुसरा, भरीव किंवा आत पोकळ खाने असलेल्या रबराची, दोन स्क्रूंनी कायम बसविण्याची गादी. शेतकऱ्याच्या कामास ही सर्वांत चांगली. जाडी अर्धा इंच, पाऊण इंच किंवा एक इंच घ्यावी. नेहमीच्या बारा बोअरच्या बंदुकीस पाऊण ते एक इंच पुरे होते. त्याहून जाड गादी घेतल्यास लाकूड फार कापावे लागते.

तिसरा, नव्या कृत्रिम पदार्थांच्या अतिमऊ गाद्या. त्या धक्का चांगला जिरवतात, परंतु काहींचा पृष्ठभाग इतका चिकट असतो की बंदूक झटकन खांद्यास नेताना तो कपड्यात अडकतो. गादीची वरची कडा गुळगुळीत व गोल असावी, हे पाहूनच घ्यावी.

दुकानात गादी अंगठ्याने जोराने दाबून पाहावी. ती दबावी, पण खालच्या कडक पट्टीपर्यंत जाऊन थडकू नये. आणि अंगठा काढताच पूर्ववत व्हावी. दुमडली असता बारीक भेगा दिसल्या तर ते रबर दुकानातच म्हातारे झाले आहे असे समजावे. गादी दस्त्याच्या टोकाहून सर्व बाजूंनी थोडी मोठी असावी, कारण ती घासून लहान करता येते, मोठी करता येत नाही.

बसविण्याची कृती

समजा, बंदुकीची लांबी लोखंडी पट्टीसह साडेचौदा इंच आहे, पट्टी पाव इंच जाड आहे, आपणांस पावणेचौदा इंच लांबी हवी आहे आणि गादी एक इंच जाडीची घेतली आहे. पट्टी काढल्यावर लाकूड सव्वाचौदा इंच राहिले. गादीची एक इंच जागा वजा जाता लाकूड पावणेतेरा इंच उरावयास हवे. अर्थात दीड इंच कापावे लागेल. हा हिशेब कागदावर लिहून कारागिराच्या हाती द्यावा. शंका असल्यास प्रथम एकच इंच कापावयास सांगावे. उरलेला अर्धा इंच मागाहून कधीही निघेल.

कापण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. काही बंदुकींत दस्ता जागेवर धरणारा लांब बोल्ट टोकाकडून आत गेलेला असतो. तो कोठपर्यंत आहे ते पाहून मगच खूण करावी. पट्ट्याचे कडे टोकाच्या फार जवळ येणार नाही, हेही पाहावे. तिसरी गोष्ट टोकाच्या कलाची. बंदूक दस्त्याच्या टोकावर सपाट उभी करून भिंतीस टेकविली असता नळीचे तोंड भिंतीपासून थोडे दूर राहते. तो कल बिघडला तर दस्त्याचे खालचे टोक छातीत रुतते किंवा वरचे टोक खांद्यावरून निसटते. म्हणून नवा काप जुन्या टोकास समांतर असावा.

कापाच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दात्यांच्या करवतीने कापल्यास लाकडाच्या ढलप्या निघत नाहीत. उघड्या पडलेल्या लाकडास अळशीचे तेल किंवा व्हार्निश पाजावे. कोकणच्या हवेत ही पायरी गाळली तर पहिल्याच पावसाळ्यात लाकूड फुगून गादी सैल होते. स्क्रूची जुनी भोके नव्या गादीशी जुळत नसतील तर ती सागवानी खुंट्या सरसाने ठोकून बुजवावी, सरस वाळू द्यावा आणि मग नवी भोके पाडावी. गादीच्या पाठीतील स्क्रूच्या जागी लहानशी चीर देऊन तिला व स्क्रूस साबण लावला म्हणजे स्क्रू आत जातो आणि रबर पुन्हा मिटते.

गादी एकदा बसवून तिच्या पाठीवर दस्त्याच्या कडेने टोच्याने रेघ ओढावी, गादी काढून त्या रेघेपर्यंत जादा रबर घासावे आणि मग कायम बसवावी. लाकडावर बसलेली असतानाच घासल्यास दस्त्याचे पॉलिश जाते. काम झाल्यावर जोडावर नख फिरवून पाहावे. ते कोठे अडकू नये. दस्त्याची खालची रेषा गादीतून तशीच सरळ पुढे गेलेली दिसावी. नंतर लांबी पट्टीने मोजून कागदावरील आकड्याशी ताडावी आणि मगच मजुरी द्यावी.

रायफल असल्यास कृती हीच. मात्र तिच्यावर दुर्बीण बसविली असेल तर दस्त्याची लांबी बदलल्याने डोळ्यापासून दुर्बिणीचे अंतर बदलते. ते तपासून दुर्बीण पुढेमागे सरकवून घ्यावी. नाहीतर धक्क्याबरोबर तिची कडा भुवईवर बसते.

बसविल्यानंतर

गादी कितीही चांगली असली तरी बंदूक ढिली धरल्यास ती खांद्यावर येऊन आपटते. दस्ता गळ्याच्या हाडावर किंवा दंडावर न ठेवता त्या दोहोंमधील खोबणीत घट्ट लावावा आणि कानात बोळे घालावेत. कारण माणूस जितका धक्क्यास दचकतो तितकाच आवाजासही दचकतो. धास्ती गेली की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. परवानाप्राप्त नेमबाजीच्या मैदानावर, तेथील शिक्षकाच्या देखरेखीखाली, आपणांस न कळेल अशा रीतीने त्याने कधी खरे तर कधी निकामी सरावाचे काडतूस भरून द्यावे. निकामी काडतुसावर चाप ओढताना नळीचे तोंड हलले नाही, तर बंदूक आपल्या मापाची झाली. ते खाली झुकले तर अजून लांबी, काडतूस किंवा सराव यांपैकी कशात तरी उणीव आहे, आणि तोवर शेतात बार काढू नये.

गादीस बंदुकीचे तेल लागू देऊ नये; तेलाने रबर फुगते व चिकट होते. बंदूक महिनोनमहिने गादीवर उभी करून ठेवल्यास रबर एका अंगास दबून तसेच राहते. म्हणून ती कुलूपबंद कपाटात आडवी ठेवावी. दरवर्षी भात लावणीपूर्वी गादी वाकवून भेगा पाहाव्यात आणि स्क्रू तपासावेत. रबर दगडासारखे कडक झाले असेल तर ते बदलावे. कारागिराकडे नेताना व आणताना बंदूक रिकामी, पिशवीत बांधलेली असावी, काडतुसे वेगळी असावीत आणि मूळ परवाना खिशात असावा.

सारांश, आधी काडतूस व नळी तपासावी, मग लांबी मोजावी, मग गादी घ्यावी; हा क्रम उलटा करू नये. वन खात्याचा हुकूम हाती घेऊन जो शेतकरी रात्री बांधावर बसतो, त्याच्यावर एकच बार नेमका काढण्याची जबाबदारी असते. त्या क्षणी त्याचे सर्व लक्ष समोरच्या जनावराकडे व त्याच्या पलीकडे काय आहे याकडे असावे, आपल्या खांद्याकडे नव्हे. एवढे साधले तर गादीचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजतो.